हरकती व सूचना

दोनशे खुर्च्या सांगितल्या होत्या.
मी म्हटलं, साहेब, पन्नासात भागेल,
मागच्या सुनावणीला एकशे ऐंशी
एकीत एक अडकलेल्या तशाच परत नेल्या.
ते म्हणाले, मंजुरी दोनशेची आहे, गांगण.

म्हणून टेम्पोच्या दोन फेऱ्या,
टेंभीपाड्याच्या चढावर पहिला गिअर,
मग पालिकेच्या शाळेचा दुसरा मजला,
इरफानच्या डोक्यावर आठ, माझ्या सहा.
पांढऱ्या आहेत माझ्या खुर्च्या, मुद्दाम घेतल्या.
पांढरा कुठल्याही पक्षाला चालतो,
साखरपुड्याला चालतो, बाराव्याला चालतो.
लोक म्हणतात, खुर्ची कुणाला सोडवत नाही.
माझ्या चार पायांवर उभ्या असतात तासन्‌तास,
कुणी धरत नाही.

फळ्यावर पोरांचा सुविचार होता,
बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकतात.
पुढचं अर्धं पुसून शिपायाने लिहिलं,
भूखंडाचा नंबर,
आणि खाली: प्रसूतिगृहाचे आरक्षण बदलून वाहनतळ.

अकरा माणसं आली.
त्यात एक पाणीवाला, एक फोटोवाला, वॉचमन,
आणि आधारचा कॅम्प समजून आलेला एक पोरगा.
त्यानेही सही केली. सही कर म्हटलं की करायची,
एवढं सगळ्यांना पाठ आहे.

वेर्णेकर सरांनी कलमं काढून आणली होती,
चष्मा घरी राहिला होता.
कुणीतरी विचारलं, नगरसेवक कुठायत?
मुदत संपली, साहेब म्हणाले,
दुधाच्या पिशवीबद्दल बोलावं तसं.

मग तांडेल मावशी उठली. माइक नको म्हणाली.
माझी चार, लेकीची दोन, सगळी तिथली.
आता नातीला कळा आल्या की रिक्षात घालून ठाणं.
दुरुस्तीसाठी म्हणून कुलूप लावलं, त्याला नऊ वर्षं झाली.
किल्ली कुणाकडे आहे, तेवढं सांगा.

साहेब म्हणाले, आजचा विषय वाहनतळ.
कुलपाची हरकत वेगळ्या अर्जात.
कारकून म्हणाला, नोंद घेतली.
कुठे घेतली?
त्याने वही फिरवून दाखवली.
मावशीने बराच वेळ बघितलं
आणि म्हणाली, अक्षर चांगलं आहे तुझं.

मला बोलता आलं असतं.
माझी पूर्वा तिथेच झाली, खाट नंबर नऊ,
खिडकीला काच नव्हती, सिस्टरने एक्स-रेचा कागद चिकटवला होता,
कुणाच्या तरी बरगड्यांतून ऊन यायचं पोरीच्या तोंडावर.
हे हरकतीत बसतं की सूचनेत, मला माहीत नाही.
आणि खुर्च्यांच्या बिलावर सही त्याच साहेबांची.

वीस मिनिटांत आटोपलं.
जिन्यात कारकुनाने माझ्याकडून बिल मागितलं,
किती खुर्च्या?
दोनशे.
त्याने वहीत, उपस्थितीच्या रकान्यात,
त्याच चांगल्या अक्षरात लिहिलं: दोनशे.
मी बघितलं. त्याने मी बघितलेलं बघितलं.
पेन खिशाला लावत म्हणाला, चेक पंधरा दिवसांत.

सातला वर्धिनी हाइट्सच्या गच्चीवर मीटिंग होती.
पार्किंगचा विषय असला की तिथे दोनशे पुरत नाहीत,
उभं राहून भांडतात माणसं, बायका डबे घेऊन येतात.
इरफानने घाई केली.
उतरवता उतरवता मोजल्या,
एकशे नव्याण्णव.

वर गेलो.
वर्गात पंखा बंद, दिवा बंद,
मावशी बसलेली, पिशवी मांडीवर,
समोर फळा.
अर्धा सुविचार, अर्धा भूखंड.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
तुझी पोरगी इथलीच ना रे?

खाली इरफानने हॉर्न दिला, एकदा, परत एकदा.
मी म्हटलं,
मावशी,
खुर्ची.